शांततेचा ठसा

टोपी डोक्यावर चढवण्याआधी इनायतभाई मणेर न चुकता विचारायचे, "ताई, झोप नीट झाली ना?"

"झाली, इनायतभाई."

"घरात काही कुरबुर?"

"काही नाही."

"मग लावा."

शर्मिली काळे हसायची आणि समोरच्या खुर्चीत बसून आपलीही टोपी कानांवर ओढून घ्यायची. पोहायला जाणारे घालतात तशाच त्या टोप्या, फक्त आतून बारीक तारांनी भरलेल्या. मधल्या टेबलावर शिवणयंत्राएवढी पेटी. तिच्यावरचा हिरवा दिवा स्थिर झाला की इनायतभाईंचे खांदे हळूहळू खाली यायचे, आवळलेल्या मुठी सुटायच्या, आणि बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला तरी ते दचकायचे नाहीत.

धामणखेड्याच्या पेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. तालुक्यातल्या कितीतरी नवऱ्यामुलींचा चुडा त्यांच्या हातून भरला गेला होता. एका दुपारी लोकांच्या फोनवर एक चित्रफीत फिरली. तीत इनायतभाईंचा चेहरा आणि आवाज होता, आणि तोंडी असे शब्द होते की जे त्यांनी जन्मात उच्चारले नव्हते. संध्याकाळ व्हायच्या आत जमावाने दुकान फोडलं. शेजारच्या कापडवाल्याने त्यांना आत ओढून शटर लावलं म्हणून जीव वाचला. चित्रफीत यंत्राने बनवलेली होती हे पुढे सिद्धही झालं. पण ते इनायतभाईंच्या शरीराला कोण पटवणार? कुकरची शिट्टी झाली तरी ते न्हाणीघरात जाऊन कडी लावायचे. घराचा उंबरठा ओलांडणं बंद झालं. शर्मिली जिथे काम करायची त्या 'सोबत केंद्रा'ची रिक्षा पडदे सोडून थेट दाराला लावावी लागे, तेव्हा कुठे ते येत.

भीतीचं शास्त्र तसं जुनं आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, बदामाच्या आकाराची एकेक गाठ असते. धोका दिसला की ती घंटा वाजवते. छाती धडधडते, तळवे घामेजतात, पाय पळायला तयार होतात. धोका टळला की कपाळामागचा विचारी भाग त्या घंटेला थांबवतो. द्वेषापायी ज्याच्यावर हल्ला झाला, त्याची घंटा मात्र अडकून बसते. साप चावलेला माणूस बांधावर जायचं टाळू शकतो. ज्याला त्याच्या नावासाठी, जातीसाठी, धर्मासाठी मारलं, त्याने काय टाळायचं? धोका त्याच्या नावालाच चिकटलेला, आणि नाव तर सतत सोबत.

दुसरी जुनी गोष्ट अशी, की भीती सोबतीने उतरते. बिथरलेलं कोकरू शांत मेंढीला अंग लावून उभं राहिलं की त्याचे ठोके कमी होतात. डॉ. मैथिली खांबेटे यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं या सोबतीचं मोजमाप करण्यात घालवली. शांत माणसाच्या मेंदूतली ती बदामगाठ आणि तिला आवरणारा विचारी भाग यांच्यामध्ये एक लय चालू असते. ती टोपीने टिपायची, आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या त्या गाठीवर एकवटून तीच लय घाबरलेल्या माणसाच्या मेंदूत हलकेच उमटवायची. या यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं समलय.

पहिल्या चाचण्या फसल्या. डॉक्टरांनी ध्यानधारणा करणारी, मनाने अगदी स्वस्थ माणसं निवडली होती. त्यांची शांतता घाबरलेल्या मेंदूने घेतलीच नाही. मग असं दिसलं, की ज्यांची घंटा कधीकाळी अशीच अडकली होती आणि नंतर सुटली, त्यांचीच लय उपयोगी पडते. त्यांच्या मेंदूत घंटेच्याही खुणा असतात आणि तिला थांबवणाऱ्या हाताच्याही. या लयीला डॉक्टर 'ठसा' म्हणू लागल्या. राज्यभरात तपासलेल्यांत सगळ्यांत स्वच्छ ठसा निघाला तो धामणखेड्याच्या शर्मिली दिलदार काळे हिचा.

शर्मिली पारध्याची. ती एसटीत वाहक म्हणून लागली तेव्हा तिच्या बापाने पालापालावर जाऊन पेढे वाटले होते. नवरा दिलदार पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. दोघांच्या कमाईतून त्यांनी गावातल्या प्रगती कॉलनीत दोन खोल्यांचं घर बांधलं. वास्तुशांतीच्या जेवणाला कॉलनीतलं कोणी आलं नाही, तरी शर्मिलीने ताटं भरून घरोघर पोचवली. पुढे कॉलनीत एक चोरी झाली आणि कोणी काही विचारायच्या आत माणसं दारात येऊन उभी राहिली. पुढे होता शेजारचा वसंत गोरडे. दिलदारचा हात मोडला. शर्मिलीला केसांना धरून रस्त्यावर फरफटत आणलं. मग घर पेटवलं. चोर नंतर सापडला, तो कॉलनीतल्याच एकाचा भाचा होता.

त्यानंतर बसमध्ये चढलं की गर्दीतला प्रत्येक हात आपल्या केसांकडे येतोय असं तिला वाटायचं. नोकरी सुटली. तेव्हा समलय नव्हतं. होत्या त्या मुक्ताताई रणपिसे.

द्वेषाच्या हल्ल्यांत सापडलेल्या माणसांसाठी तालुक्याला एक सोबत केंद्र असावं, असं सरकारने ठरवलं तेव्हा धामणखेड्यात जागा मिळाली ती बंद पडलेल्या जकात नाक्याची. मुक्ताताईंनी तिथे चार खुर्च्या टाकल्या, एक वकीलबाई जोडल्या आणि काम सुरू केलं. काम म्हणजे बरोबर जाणं. फिर्याद द्यायला बरोबर जायचं, दवाखान्यात बरोबर जायचं, कोर्टात, बँकेत, पोराच्या शाळेत. घर जळाल्यावर शर्मिली पुन्हा पालावर राहायला गेली होती; तिथे त्या रोज सकाळी येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "चल, कोपऱ्यापर्यंत." काही दिवसांनी कोपऱ्यावरून मारुतीपर्यंत, मग बाजारापर्यंत. शर्मिली रडून परत फिरली तर त्याही परत फिरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ज्या दिवशी शर्मिली एसटीत चढून जिल्ह्याला जाऊन आली, त्या दिवशी दोघींनी स्टँडवर उसाचा रस प्याला. पुढे ती त्याच केंद्रात सोबती म्हणून लागली.

ठशाचा शोध लागला आणि तिचं नाव सगळीकडे झालं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दवाखान्यांत टोप्या गेल्या. ठसा साठवून पाठवता येत होता. मात्र तेच गाणं सारखं ऐकलं की कान बधिर होतो, तसा मेंदूही त्याच ठशाला सरावतो. म्हणून शर्मिलीला दर आठवड्याला नवा ठसा द्यावा लागे. परभणीकडची एक बाई, जिला गावच्या विहिरीवर पाणी भरलं म्हणून मारलं होतं, ती तिच्या ठशावर झोपत होती. पुण्यात शिकणारा मणिपूरचा एक मुलगा तिच्या ठशावर परीक्षेला बसला. पालावरच्या म्हाताऱ्या तिच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडायच्या. शर्मिलीला अभिमान वाटायचा, आणि का वाटू नये? ज्या डोक्याचे केस धरून ओढलं, त्याच डोक्यातून आता राज्यभर धीर जात होता.

पण शांतता जपायची म्हणजे शर्मिलीला जपायचं. तिच्या मनगटावर एक पट्टी बांधली होती. मन बिथरलं की पट्टीवरचा आकडा चढायचा आणि दिलदारच्या फोनवर निरोप यायचा. स्क्रू सापडला नाही तरी घर डोक्यावर घेणारा दिलदार आता दवाखान्यात बोलावं तसा बोलू लागला. लेक सोनम शाळेतून आली की "छान गेला दिवस" एवढंच सांगायची. भाऊ आजारी पडल्याचं शर्मिलीला तो बरा झाल्यावर कळलं. भांडण नाही, तक्रार नाही, रुसवा नाही. कधी कधी तिला वाटायचं, आपण घरात राहत नाही, घराने आपल्याला कपाटात ठेवलंय.

आणि एक दिवस मुक्ताताईंनी सांगितलं की पुढल्या वर्षापासून तालुक्यांची सोबत केंद्रं बंद होणार.

"का?" शर्मिलीने विचारलं.

"आता टोपी आहे ना. ठसा दवाखान्यात मिळतो. मग माणसं कशाला पोसायची, असा हिशेब आहे."

"माझ्या ठशामुळे?"

मुक्ताताईंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि विषय बदलला. त्याही जपायला लागल्या होत्या.

त्या आठवड्याच्या बाजारात शर्मिली मेथी निवडून घेत होती. मागून कोणीतरी खांद्याला हात लावला. वळून पाहते तर वसंत गोरडेची बायको सुमन. घर पेटलं तेव्हा ही आपल्या गच्चीवर उभी होती. त्यानंतर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"शर्मिली, तुझे उपकार कसे फेडू गं?" सुमनचे डोळे भरले होते. "वकिलांनी सांगितलं, तू साक्षीला येत नाहीस म्हणून. यांचीही तब्येत आता बरी नसते. झालं गेलं विसरलीस, मोठ्या मनाची आहेस तू."

शर्मिलीच्या हातातली मेथी तशीच राहिली. "कुठली साक्ष?" असं विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण तिने मेथी पिशवीत टाकली, पैसे दिले आणि सरळ दिलदारच्या दुकानात गेली.

दिलदार मोटारीत तांब्याची तार भरत होता.

"आपल्या खटल्याची तारीख कधी आहे?" तिने विचारलं.

त्याचा हात थांबला. "सोमवारी."

"याआधी मला बोलावलं होतं का?"

"होतं. डॉक्टरबाईंनी दाखला दिला. तुझी तब्येत जपायची आहे म्हणून."

"आणि सोमवारी नाही गेले तर?"

"सरकारी वकील म्हणाले, मग तुझ्या साक्षीशिवायच पुढे जावं लागेल."

"तुमची साक्ष झाली?"

"झाली. गोरडे दारात पुढं होता हे मी सांगितलं. पण तुला बाहेर ओढली तेव्हा मी आत पडलो होतो, शर्मिली. आग कोणी लावली ते मी बघितलं नाही." त्याने तार खाली ठेवली. "ते तूच बघितलंयस."

"मग मला सांगितलं का नाही?"

दिलदारने उत्तर द्यायच्या आधीच त्याचा फोन वाजला. पट्टीचा निरोप होता. त्याने फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, "सगळ्यांनी सांगितलं, इतक्या लोकांची झोप हिच्यावर आहे. मीही मान डोलावली. पण खरं कारण ते नाही. त्या माणसासमोर तुला परत उभी केलेली मला बघवणार नाही."

शर्मिलीने मनगटावरची पट्टी सोडली आणि त्याच्या टेबलावर, तारांच्या ढिगात ठेवून दिली.

"मला बघवेल," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बरोबर या."

शर्मिली साक्षीला जाणार हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी डॉ. खांबेटे स्वतः गाडी चालवत धामणखेड्याला आल्या. मुक्ताताईंनी चहा ठेवला. डॉक्टरांनी कपाला हात लावला नाही.

"दाखला मी दिला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला न विचारता दिला, ते चुकलंच. पण माझं म्हणणं एकदा ऐका. आठवण ही दगडावरची रेघ नसते. ती पुन्हा जागी केली की काही तास ओल्या मडक्यासारखी असते. जशी हाताळाल तसा आकार घेते आणि मग वाळते. मुक्ताताईंनी तुमची आठवण वर्षभर मायेने हाताळली, म्हणून हा ठसा तयार झाला. कोर्टात ती समोरच्या वकिलाच्या हातात जाईल. तो ती मायेने हाताळणार नाही."

"ठसा मोडेल?"

"मोडू शकतो. तुमच्यासारखा दुसरा माझ्याकडे नाही. जुने साठवलेले ठसे काही आठवडे चालतील. नंतर त्या माणसांना मी काय सांगू?"

शर्मिलीला परभणीची बाई आठवली. तिने मुक्ताताईंकडे पाहिलं. "तुम्ही काय म्हणता?"

"मी काही म्हणणार नाही," मुक्ताताई म्हणाल्या. "तू जाशील तिथं मी येईन. घरी बसलीस तर घरी येऊन बसेन."

शर्मिली उठली. "मग आधी इनायतभाईंकडे जाऊ. त्यांना मी स्वतः सांगते."

इनायतभाईंच्या घरात खिडक्यांना जाड पडदे होते. रशीदाभाभींनी खुर्च्या पुढे सरकवल्या. शर्मिलीने काही न लपवता सगळं सांगितलं. सोमवारी काय आहे, त्यानंतर टोपीतून जे येतं ते येईल की नाही याची खात्री नाही, हेही सांगितलं.

इनायतभाई ऐकताना पलंगाची कड धरून बसले होते. "म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं होईल," ते म्हणाले.

"होऊ शकतं."

"मग नका जाऊ, असं मी म्हटलं तर?"

"तर मी ऐकून घेईन. राग धरणार नाही. पण जाईन."

रशीदाभाभी दाराआडून म्हणाल्या, "त्यांना असं तोडून नका बोलू, ताई."

"बोलू दे त्यांना," इनायतभाई म्हणाले. कितीतरी दिवसांत त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. "माझ्या दुकानाची केस उभी राहील तेव्हा माझ्याकडेही कोणीतरी असंच येईल. जाऊ दे चाचा, कशाला वाढवता, म्हणेल. आज मी हिला थांबवलं तर त्या दिवशी कोणत्या तोंडाने जाऊ?" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "जा बेटी. माझं काय होईल ते होईल."

सोमवारी जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात शर्मिली साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. मागच्या बाकावर दिलदार, मुक्ताताई आणि पालावरची माणसं बसली होती. डॉ. खांबेटे अगदी कोपऱ्यात होत्या. त्या येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. आरोपींच्या जागेवर वसंत गोरडे, केस पार पांढरे झालेले.

सरकारी वकिलांनी विचारलं तसं तिने सांगितलं. वाक्य तोंडातून निघालं की त्याच्याबरोबर तो दिवसही यायचा. रॉकेलचा वास आला. डोक्याची कातडी ताणली गेली. गुडघे लटपटले तेव्हा तिने कठडा धरला आणि थोडं थांबून पुढे सांगितलं. आगपेटी कोणाच्या हातात होती, काडी ओढताना तो काय म्हणाला, सगळं. "हेच ते," असं म्हणून तिने गोरडेकडे बोट दाखवलं. गोरडेने मान खाली घातली.

मग त्याचे वकील उठले. त्यांच्या हातात समलय कार्यक्रमाचा प्रसिद्ध झालेला अहवाल होता.

"काळेबाई, राज्यातला सर्वांत शांत मेंदू तुमचा आहे, बरोबर?"

"असं म्हणतात."

"या अहवालात लिहिलंय, की तुमच्या मेंदूत भीतीची घंटा वाजतच नाही. जिला फरफटत नेलं, जिचं घर जाळलं, ती बाई इतकी शांत कशी? मी असं म्हणतो, की तुमच्यावर काही बेतलंच नव्हतं. घराला आग अपघाताने लागली आणि तुम्ही शेजाऱ्यांवर ढकललीत."

न्यायालयात कुजबुज झाली. ज्या शांततेसाठी तिने वर्षभर एकेक पाऊल टाकलं होतं, तीच आता तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी होती. तिने मुक्ताताईंकडे पाहिलं. मुक्ताताईंनी काही खूण केली नाही. नुसत्या तिच्याकडे बघत होत्या, पूर्वी कोपऱ्यावर थांबून बघायच्या तशा.

"आग विझली साहेब," शर्मिली म्हणाली. "ती लोकांनी विझवली, मीही विझवली. विझली म्हणून लागलीच नव्हती, असं कसं होईल? तुम्हाला वाटतं मी रडत आले असते तर खरी ठरले असते. रडून झालंय माझं."

कोपऱ्यातून डॉ. खांबेटे उभ्या राहिल्या आणि सरकारी वकिलांच्या कानाशी काही बोलल्या. सरकारी वकिलांनी त्यांना तज्ज्ञ म्हणून तपासण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी दुपारनंतरची वेळ दिली.

"या अहवालाची लेखिका मीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वकीलसाहेबांनी त्यातलं अर्धंच वाचलं. ज्याला कधी भीती वाटलीच नाही त्याच्या मेंदूत ठसा सापडत नाही. आम्ही शोधून पाहिलं, एकाही माणसात सापडला नाही. घंटा जितक्या जोराने वाजलेली असते, तितकी तिला थांबवणारी वाट रुंद होते, आणि ती आम्हाला मोजता येते. श्रीमती काळे यांच्या मेंदूतली वाट आम्ही पाहिलेल्या सगळ्यांत रुंद आहे. त्यांच्यावर फार मोठा हल्ला झाला होता, याची माझ्याकडे असलेली सर्वांत भक्कम खूण ही त्यांची शांतताच आहे."

त्या खाली उतरल्या आणि शर्मिलीच्या शेजारी येऊन बसल्या. "ठसा जाईल बहुतेक," त्या हळूच म्हणाल्या. "जाऊ दे."

घरी परतताना गाव जवळ आलं तसा दिलदार म्हणाला, "काठीसारखी ताठ उभी होतीस."

"गुडघे लटपटत होते."

"ते मला दिसले. बाकी कोणाला नाही दिसले."

काही दिवसांनी डॉक्टर पेटी घेऊन केंद्रात आल्या. जो काही ठसा उरला असेल तो मोजायचा होता. पडद्यावर लय उमटली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. पूर्वीची तळ्यासारखी संथ रेघ नव्हती. मधूनच घंटा वाजत होती, मग आवरली जात होती, पुन्हा वाजत होती.

"हे कोणाला देता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"मला द्या," इनायतभाई म्हणाले. ते ठरल्या वेळी रिक्षातून आले होते आणि टोपी हातात घेऊन बसले होते.

"यात भीतीही आहे, इनायतभाई. ती तुमच्याकडे येईल."

"भीती काय मला नवी आहे?"

दिवा हिरवा झाला. सुरुवातीलाच इनायतभाईंचा श्वास जोरात चालू लागला, हात थरथरले. डॉक्टरांनी पेटी बंद करायला हात पुढे केला. त्यांनी मानेने नको म्हटलं. शर्मिली समोर बसली होती. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग इनायतभाईंची पाठ खुर्चीपासून सुटली आणि सरळ झाली.

"काय वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आधीच्या वेळी असं वाटायचं, की कोणीतरी मला पांघरूण घातलंय," ते शब्द शोधत म्हणाले. "आज कोणीतरी म्हणतंय, ऊठ, कपडे कर." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "भीती आहे. पण तिच्या वर काहीतरी आहे. आमच्यात त्याला गुरूर म्हणतात, म्हणजे अभिमान. वाईट नव्हे, चांगला."

डॉक्टरांच्या पडद्यावर भीतीला रकाना होता, शांततेला होता, याला नव्हता. त्यांनी वहीत हाताने लिहून ठेवलं, 'गुरूर'.

सगळ्यांनाच हा नवा ठसा पेलला नाही. परभणीची बाई जुन्या ठशांवर महिनाभर कशीबशी तगली आणि नंतर तिची झोप पुन्हा उडाली. शर्मिली स्वतः तिच्या गावी गेली, तिच्या ओसरीवर आठवडाभर राहिली, आणि परत येताना तिथल्याच एका बाईला रोज यायला सांगून आली. एका माणसाच्या शांततेवर राज्य चालवता येणार नाही, टोपी गावातल्या जिवंत सोबत्यांच्या हातातच शोभते, असं डॉ. खांबेटेंनी मुंबईत जाऊन सरकारला स्पष्ट सांगितलं. आपल्याच यंत्राची मर्यादा तिथे मांडताना त्यांना काय वाटलं असेल, ते त्यांनाच माहीत. तालुक्यांची केंद्रं राहिली. उलट प्रत्येक केंद्राला सोबती वाढवून मिळाले, आणि त्यांना तयार करण्याचं काम धामणखेड्याकडे आलं. खटल्याचा निकाल लागला. गोरडे आणि त्याच्याबरोबरचे तुरुंगात गेले. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी दिलदार आणि शर्मिली सोनमच्या कॉलेजवरून कडाकडा भांडली. सोनम दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

नव्या सोबत्यांच्या पहिल्या तुकडीचं शिकवणं चालू असतानाच केंद्रात एक मुलगी आली. कॉलेजात जाणारी, नाव वैदेही साळवी. जन्माने मुलगा, आता मुलगी म्हणून राहते, म्हणून स्टँडमागे चौघांनी तिला मारलं होतं. ओठ फाटला होता. फिर्याद द्यायची होती, पण पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत जाऊन ती दोनदा परत फिरली होती.

"चल," शर्मिली म्हणाली. "मी येते."

फाटकाशी आल्यावर वैदेहीचे पाय थांबले. शर्मिलीही थांबली. या ठाण्याच्या आवारात तिचा आजा हजेरीला यायचा. पारध्याने गावात पाऊल टाकलं की आधी इथे येऊन उकिडवं बसायचं, नाव पुकारलं की हात वर करायचा, मगच पोटासाठी हिंडायला मोकळीक. तिचा बाप इथून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचा. हे तिने वैदेहीला सांगितलं नाही. फक्त तिच्या श्वासाचा वेग थोडा उतरेपर्यंत उभी राहिली.

"पाऊल तू टाक," मग ती म्हणाली. "मी शेजारीच आहे."

वैदेहीने पाऊल टाकलं.

आत ठाणे अंमलदार तरुण होता. त्याने वैदेहीच्या ओठाकडे पाहिलं आणि खुर्ची दाखवली. वैदेही बसली. शर्मिलीने बाजूची खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि तीही बसली.

अंमलदाराने लिहायला घेतलं. मग शर्मिलीकडे वळून विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"सोबती."

"नाव सांगा."

"शर्मिली दिलदार काळे," ती म्हणाली. आणि त्याने विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाली, "पारधी. लिहा."